मुलांच्या हातातली दुभाषी तार

रत्नागिरीतल्या एका ओळखीच्या घरी परवा वाद झाला. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून ईएसपी ८२६६ नावाच्या चिपचा छोटा बोर्ड आणि एक यूएसबी सीरियल केबल आणली होती. वरच्या टाकीत पाणी किती उरले हे खाली बसून कळावे, अशी त्याची योजना. त्याने वायरी जोडल्या, केबल संगणकाला लावली आणि थोड्याच वेळात बोर्ड तापून निकामी झाला. वडील म्हणाले, "पैसे पाण्यात गेले. आता हा नाद सोड." मुलगा काही बोलला नाही. सामान डब्यात भरून त्याने माळ्यावर टाकले.

पालकहो, अशा वेळी बोर्डापेक्षा मोठे नुकसान होते ते मुलाच्या उमेदीचे. आणि तेही चार साध्या गोष्टी आधी कोणी सांगितल्या नाहीत म्हणून! त्या गोष्टी आज पाहू.

ही केबल करते काय?

सीरियल म्हटले की आपल्याला टीव्हीवरची मालिका आठवते. येथे अर्थ आहे 'एकामागून एक'. एसटीच्या खिडकीपुढे माणसे रांगेने सरकतात, तसे विजेचे इशारे एका तारेतून रांगेने जातात. एका अक्षराचे आठ इशारे, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे दहा. वेग ९६०० ठेवला, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

संगणकाला पूर्वी यासाठी नऊ पिनांचे तोंड असे. ती आरएस २३२ पद्धत १९६० सालची. १९९६ साली यूएसबीचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. ती बनवणाऱ्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधील अभियंते होते. पुढे नऊ पिनांचे तोंड घरगुती संगणकांवरून गेले. पण लहान चिपा आजही सीरियल भाषाच बोलतात. म्हणून मध्ये दुभाषी लागतो. केबलच्या टोकाला असलेली चिप तेच काम करते. चिपमध्ये प्रोग्राम भरणे आणि ती आत काय करते आहे ते पडद्यावर वाचणे, दोन्ही हिच्यामुळे जमते.

वायरींचा हिशेब

पहिली गोष्ट, काळी म्हणजे ग्राउंडची वायर दोन्हीकडे जोडलेली हवीच. दुसरी, टीएक्स म्हणजे बोलणारे तोंड आणि आरएक्स म्हणजे ऐकणारा कान. म्हणून केबलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला आणि केबलचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला, अशी अदलाबदल करावी. तिसरी, रंगावर विसंबू नये. एफटीडीआय कंपनीच्या केबलमध्ये टीएक्स नारिंगी व आरएक्स पिवळी असते. स्वस्त केबलींत बहुधा टीएक्स हिरवी व आरएक्स पांढरी असते. सोबतचा कागद पाहावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, आणि ईएसपी ८२६६ ची चिप ३.३ व्होल्टची. काही केबलींवर ३.३ व्होल्ट लिहिलेले असते. पण ते इशाऱ्यांच्या तारांपुरते, लाल वायरीत ५ व्होल्टच असतात. आपल्या मुलाची चूक नेमकी हीच झाली. लाल वायर लावण्यापूर्वी मीटरने व्होल्ट मोजावेत. मीटर नसेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. नऊ पिनांची आरएस २३२ केबल तर अशा चिपेला थेट कधीच लावू नये. तिच्यात अधिक-उणे मिळून बरेच जास्त व्होल्ट असतात. ती जुनी यंत्रे आणि काही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यांच्यासाठी.

विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे सामान मिळते. सीएच ३४० किंवा सीपी २१०२ चिपेचा छोटा बोर्ड शंभर-दोनशे रुपयांत शिकण्यापुरता चांगला. महागड्या नावाची स्वस्त नक्कल मात्र घेऊ नये. २०१४ साली स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपेच्या केबली बंद पाडल्या. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. पण त्रास नक्कल करणाऱ्याला झाला नाही, अजाणतेपणे विकत घेणाऱ्याला झाला. घरी संगणक नसेल तर ओटीजीची सोय असलेल्या अँड्रॉइड फोनवरही योग्य अॅप घालून ही केबल चालते. आपल्याकडे खाऱ्या हवेने पिना लवकर गंजतात, म्हणून काम झाल्यावर सामान घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

केबल चांगली आहे का, हे फुकटात तपासता येते. बोर्ड काढून टाकावा, केबलचे टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडावेत, आर्डुइनोच्या मोफत प्रोग्राममधील सीरियल मॉनिटर उघडून काही लिहून पाठवावे. तेच अक्षर परत पडद्यावर आले, तर केबल शाबूत.

त्या घरी आईने डबा माळ्यावरून काढायला लावला. मुलाने ही परीक्षा घेतली. त्याने बाबांचे नाव लिहून पाठवले आणि तेच नाव पडद्यावर परत आले. केबल वाचली होती. गेला होता तो फक्त बोर्ड. वडील थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नवीन बोर्ड आणताना मीटरची किंमत पण विचारून ये."

मुलाच्या हातून एखादी वस्तू जळाली तर रागावण्याआधी त्याला एवढेच विचारा, "का जळली ते सांग." ते त्याला सांगता आले, तर त्या पैशात तो काहीतरी शिकला.