ड्रायडन, केन
ड्रायडन, केन : (८ ऑगस्ट १९४७–५ सप्टेंबर २०२५). कॅनडाचा विख्यात आइस हॉकीपटू, विधिज्ञ, लेखक व राजकारणी. माँट्रिऑल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचा गोलरक्षक म्हणून त्याची ख्याती आहे. जन्म ऑंटॅरिओ प्रांतातील हॅमिल्टन येथे. बालपण टोराँटोच्या उपनगरात गेले. घरामागील फरसबंद अंगणात टेनिसच्या चेंडूने खेळताना त्याने गोलरक्षणाचे पहिले धडे घेतले. थोरला भाऊ डेव्ह हाही पुढे व्यावसायिक गोलरक्षक झाला.

आइस हॉकीत चेंडूऐवजी कठीण रबराची सपाट चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. सु. १·८३ मी. रुंद व १·२२ मी. उंच अशा गोलात वेगाने येणारी ही चकती अडविणे, हे गोलरक्षकाचे काम होय. या खेळातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा नॅशनल हॉकी लीग ही असून तिच्या विजेत्यास स्टॅन्ली चषक मिळतो. त्या काळी लीगमधील बहुसंख्य खेळाडू कॅनडातील कनिष्ठ संघांतून येत आणि त्यापायी अनेकांचे शिक्षण अर्धवट राहत असे. १९६४ मध्ये बॉस्टन ब्रूइन्सने ड्रायडनची निवड केली व लगेच त्याचे हक्क माँट्रिऑलकडे सोपविले. तथापि त्याने व्यवसायाची घाई न करता अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्याने इतिहासाची पदवी संपादन केली (१९६९). विद्यापीठाकडून खेळताना त्याने ७६ सामने जिंकले, ४ गमावले व एक बरोबरीत सोडविला. १९६७ मध्ये कॉर्नेलने राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले.

माँट्रिऑलच्या मुख्य संघातर्फे तो प्रथम मार्च १९७१ मध्ये खेळला. साखळीतील केवळ सहा सामन्यांचा अनुभव असताना बाद फेरीसाठी त्याची निवड झाली. आदल्या वर्षीचा विजेता व त्या हंगामातील सर्वांत बलाढ्य मानला जाणारा बॉस्टन संघ पहिल्याच फेरीत सात सामन्यांच्या झुंजीनंतर पराभूत झाला. पुढे माँट्रिऑलने स्टॅन्ली चषक जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कॉन स्माइद पुरस्कार ड्रायडनला मिळाला. नवोदित खेळाडूसाठीचा कॅल्डर पुरस्कार त्याला त्यानंतर, १९७२ मध्ये लाभला. सप्टेंबर १९७२ मधील कॅनडा व सोव्हिएट रशिया यांच्या आठ सामन्यांच्या मालिकेत तो चार सामने खेळला. माँट्रिऑल येथील पहिल्या सामन्यातील ३–७ असा पराभव आणि मॉस्को येथील अखेरच्या सामन्यातील ६–५ असा निर्णायक विजय, हे दोन्ही त्याच्याच वाट्यास आले.

खेळत असतानाच त्याने मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली (१९७३). त्याच वर्षी वेतनाच्या प्रश्नावरून संघाशी मतभेद झाले. सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरूनही आपणास योग्य मोबदला मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९७३-७४ चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही व टोराँटोतील एका विधिसंस्थेत अल्प वेतनावर उमेदवारी करीत राहिला. आदल्या हंगामात ७८ सामन्यांत १८४ गोल स्वीकारणाऱ्या माँट्रिऑलवर त्या वर्षी तेवढ्याच सामन्यांत २४० गोल झाले आणि बाद फेरीच्या आरंभीच संघ गारद झाला. त्याची उणीव अशी आकड्यांतूनच स्पष्ट झाली. नव्या करारानंतर १९७४ मध्ये तो परतला. १९७६ ते १९७९ अशी सलग चार वर्षे संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. १९७६-७७ मध्ये तर ८० सामन्यांपैकी माँट्रिऑलने केवळ आठच गमावले.

ड्रायडन सु. १·९३ मी. उंच होता. खेळ थांबला असता उभ्या काठीवर हात व त्यावर हनुवटी टेकून विचारमग्न उभा राहण्याची त्याची ढब प्रसिद्ध आहे. बलाढ्य संघाच्या गोलरक्षकाकडे पक क्वचितच येतो. म्हणून दीर्घ निष्क्रियतेतही एकाग्रता टिकविणे हा त्याच्या खेळाचा मोठा गुण होय. १९७९ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. साखळीतील ३९७ सामन्यांपैकी २५८ त्याने जिंकले व फक्त ५७ गमावले; ४६ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. सहा स्टॅन्ली चषक व गोलरक्षणाचे पाच व्हेझिना पुरस्कार त्याच्या नावावर आहेत. १९८३ मध्ये हॉकी गौरवदालनात त्याचा समावेश झाला आणि २००७ मध्ये माँट्रिऑलने त्याचा २९ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.

निवृत्तीनंतरचे त्याचे कार्यही तितकेच लक्षणीय आहे. द गेम (१९८३) या ग्रंथात त्याने व्यावसायिक खेळाडूचे दैनंदिन जीवन, यशातील ताण व निवृत्तीची भीती यांचे अंतर्मुख चित्रण केले असून क्रीडावाङ्‌मयात तो श्रेष्ठ गणला जातो. गेम चेंज (२०१७) मध्ये मेंदूस होणाऱ्या आघातांचे दुष्परिणाम दाखवून डोक्यावरील सर्व प्रहारांना बंदी असावी, अशी मागणी त्याने केली. १९९७ मध्ये तो टोराँटो मेपल लीफ्स संघाचा अध्यक्ष झाला. २००४ मध्ये लिबरल पक्षातर्फे संसदेवर निवडून आल्यावर त्याची समाजविकासमंत्री म्हणून नियुक्ती झाली. बालसंगोपनाच्या राष्ट्रीय योजनेसाठी त्याने दहाही प्रांतांशी करार घडवून आणले. परंतु २००६ मधील सत्तांतरानंतर ते रद्द झाले. २०११ पर्यंत तो संसद सदस्य होता.

क्रीडापटूने अध्ययनास मुकलेच पाहिजे, हा समज ड्रायडनने स्वतःच्या उदाहरणाने खोडून काढला. त्याची व्यावसायिक कारकीर्द अल्प ठरली, ती त्याने खेळास आयुष्याचा एक भागच मानल्यामुळे. कर्करोगाने त्याचे निधन झाले.