बोटांखालचा गाव

पत्ता सांगण्याची आपली तऱ्हा मोठी मजेची आहे. ‘मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिच्यासमोर पिवळा बंगला.’ अंध माणसालाही एवढ्यावर जाता येते. देवळाची घंटा, गिरणीची घरघर, दळणाचा वास या त्याच्या खुणा. पण ठरलेली वाट पाठ असणे वेगळे आणि गाव ठाऊक असणे वेगळे.

माझ्या परिचयातील एक अंध शिक्षक कित्येक वर्षे घरून शाळेत एकटे जात. एके दिवशी वाटेतला रस्ता खणून ठेवलेला निघाला. शेजारच्या आळीतून वळसा घेणे पाच मिनिटांचे काम होते. परंतु ती आळी कुठे निघते, हेच त्यांना माहीत नव्हते. त्या दिवशी ते कुणाचा तरी हात धरून शाळेत पोचले. डोळसाला नकाशा एका नजरेत जे सांगतो, ते त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

स्पर्शाने वाचायचे नकाशे तसे नवे नाहीत. बोस्टनच्या अंधशाळेचे डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी १८३७ मध्ये उठावाच्या रेषांचा अमेरिकेचा नकाशासंग्रह छापला. प्रती निघाल्या अवघ्या ५०. आपल्याकडे कोलकात्याच्या ‘नॅटमो’ या सरकारी नकाशासंस्थेने २०१७ मध्ये भारताचा ब्रेल ॲटलास काढला. ही कामे मोलाची खरीच. पण त्यांत देश भेटतो, घरासमोरची आळी भेटत नाही. गावोगावच्या आळ्यांचे असे नकाशे हाताने करायचे म्हटले, तर कारागिरांच्या पिढ्या पुरणार नाहीत.

ही कोंडी फोडायला आकाशातून मदत आली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून हातातले यंत्र आपली जागा काढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत जॅक लूमिस आणि रेजिनाल्ड गॉलेज यांनी सहकाऱ्यांसह याच तंत्राने अंधांना वाट दाखवण्याचे प्रयोग केले. गॉलेज भूगोलाचे प्राध्यापक. १९८४ मध्ये त्यांची स्वतःचीच दृष्टी गेली होती. मात्र त्या काळी अमेरिकी सरकार नागरिकांसाठीचे संकेत मुद्दाम बिघडवून ठेवी. चूक १०० मीटरपर्यंत जाई. १०० मीटर म्हणजे भलतीच आळी! मे २००० मध्ये ही अडवणूक थांबली.

२००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. स्वयंसेवकांनी यंत्र खिशात टाकून रस्ते पायी वा सायकलवर पालथे घालायचे आणि उमटलेल्या रेघांतून सर्वांना खुला असा नकाशा भरायचा, ही त्यामागची कल्पना. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचीही तिला पुढे जोड मिळाली.

या रेघा बोटांखाली आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात जोशुआ मीली या अंध शास्त्रज्ञाला जाते. १९७३ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, ॲसिडहल्ल्यात त्यांची दृष्टी गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल संस्थेत त्यांनी ‘टीमॅप’ तयार केले. पत्ता द्यायचा, की भोवतालच्या रस्त्यांचा स्पर्शनकाशा संगणक आपोआप आखतो. त्याच शहरातील ‘लाइटहाउस’ ही अंधांची संस्था ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे असे नकाशे मागणीनुसार पुरवू लागली. २०२१ मध्ये मीली यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

कागदावर रेघ उठवायच्या दोन रीती आहेत. ब्रेल छापणारे यंत्र कागदावर टिंबे ठोकते. दुसरी रीत फुगणाऱ्या कागदाची. त्यावर काळ्या शाईने छापून उष्णता दिली, की काळा भाग तेवढा तापून पापडासारखा फुगतो. पण डोळसांचा नकाशा जसाच्या तसा फुगवून भागत नाही. दोन-तीन मिलिमीटरहून जवळचे दोन बिंदू बोटाला वेगळे कळत नाहीत. म्हणून पुष्कळसे गाळावे लागते. रस्त्यांची नावे दोन-तीन ब्रेल अक्षरांत आटोपतात आणि पूर्ण नावे वेगळ्या पानावर देतात. डोळा आधी सगळे पाहतो आणि मग बारकावे. बोट तुकडा तुकडा चाचपत शेवटी सगळे जुळवते. त्याला वेळ लागतो; पण जुळलेले चित्र त्या माणसाचे स्वतःचे असते.

कुणी म्हणेल, आता मोबाइल बोलून वाट सांगतो, मग कागद कशाला? मला वाटते, फरक इथेच आहे. ‘डावीकडे वळा’ ही आज्ञा आहे. डावीकडे न वळता सरळ गेले तर काय लागेल, हे नकाशा सांगतो. निवड करायची तर आधी पर्याय ठाऊक हवेत.

या रेघांतून कलाही फुलली आहे. जेरेमी वुड हा ब्रिटिश कलावंत जीपीएस घेऊन चालतो आणि आपल्या पावलांनी चित्र काढतो. २०१० मध्ये इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठाच्या आवारात १७ दिवसांत २३८ मैल चालून त्याने त्या परिसराचा नकाशाच रेखाटला. अशी रेघ फुगणाऱ्या कागदावर सहज उतरवता येते. अंध मुलगी बागेत गोल फिरून आली आणि तिला आपलेच वर्तुळ बोटांनी पाहता आले, तर तो आनंद केवढा असेल!

अर्थात, उपग्रहाला उघडे गटार दिसत नाही आणि पदपथावर लावलेली मोटारसायकलही नाही. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइल पाचेक मीटर चुकतो, उंच इमारतींत त्याहून अधिक. पांढरी काठी हातात हवीच.

आणि जी आळी कुणी नोंदलीच नाही, ती कुणाच्याही बोटांखाली येणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याबरोबर पायऱ्या, पदपथाची कड, रस्ता ओलांडायची जागा हेही नोंदवता येते. त्याला पैसे पडत नाहीत. वाचकहो, घरात कॉलेजात जाणारी मुले असतील, तर एखाद्या रविवारी त्यांना सोबत घ्या आणि आपली आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून तेवढी नोंदवून टाका.