व्हिएन्नाचं वार्तापत्र : सगळ्यांना एकच पाणी

इथल्या कॅफेत कॉफी मागवली की छोट्या चकचकीत ट्रेमध्ये कपाशेजारी पाण्याचा पेला येतो. पाणी साध्या नळाचं. गार आणि चवीला गोड. ऑपेरा हाउसजवळच्या उंची कॅफेत जे पाणी, तेच फाव्होरिटेनसारख्या कामगारवस्तीतल्या नळाला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हातात चार पैसे आले की माणूस आधी आरओ बसवतो, सोसायटी टँकर मागवते. इथे लक्षाधीशालाही पाण्याची वेगळी सोय करावीशी वाटत नाही.

हे पाणी आल्प्समधलं. एकोणिसाव्या शतकात शहरातल्या विहिरींमधून कॉलरा आणि विषमज्वर पसरत. एडुआर्ड झ्यूस हे भूशास्त्रज्ञ तेव्हा नगरसेवक होते. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणा, असा त्यांनी हट्टच धरला. १८७३ मध्ये पहिली जलवाहिनी सुरू झाली, १९१० मध्ये दुसरी, सुमारे १८० किलोमीटर लांबीची. पाणी उताराने आपोआप येतं आणि वाटेत त्यावर वीजही तयार होते. २००१ पासून हा पाणीपुरवठा खासगी हातांत जाऊ नये म्हणून शहराच्या घटनेतच तरतूद आहे.

श्रीमंत देशाला हे परवडतं, असं कुणी म्हणेल. पण घरांचा इतिहास पाहा. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना कंगाल होतं. साम्राज्य गेलेलं, लोक उपाशी. त्याच काळात, १९२३ मध्ये, नगरपालिकेचे अर्थप्रमुख हुगो ब्राइटनर यांनी घरबांधणी कर लावला. घर जितकं आलिशान, तितका कराचा दर चढा. त्या पैशाच्या आधाराने १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं उभी राहिली. त्यातलंच कार्ल-मार्क्स-होफ हे गृहसंकुल किलोमीटरभर लांब आहे. बांधतानाच आत धुलाईघरं, बालवाड्या आणि मोठी अंगणं ठेवली होती. आजही जवळपास निम्मे व्हिएन्नाकर नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. उत्पन्नाची अट एवढी सैल आहे की शिक्षकही त्यात बसतो आणि ट्रामचालकही. मला यातच खरी मेख दिसते. लिफ्ट बंद पडली की दोघांची तक्रार एकाच कचेरीत जाते, आणि शिकलेल्या, बोलक्या माणसाच्या तक्रारीचा फायदा शेजाऱ्यालाही होतो.

जिथे सगळ्या थरांची ही सोबत सुटली, त्या आरोग्यसेवेचं चित्र वेगळं आहे. इथे सार्वजनिक विम्याशी करार असलेले डॉक्टर आहेत, आणि कराराबाहेरचे ‘वालआर्त्स्ट’ही. कराराबाहेरच्या डॉक्टरकडे फी आधी खिशातून भरायची. विम्याकडून त्यातला काही भागच परत मिळतो. तिथे वेळ लवकर मिळते, डॉक्टर निवांत बोलतो. करारातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे मात्र अनेकदा आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. ज्यांना परवडतं ते तिकडे वळले, तसा करारातल्या दवाखान्यांसाठी आवाज उठवणारा वर्गही पातळ झाला. ऑस्ट्रियात आता कराराबाहेरचे डॉक्टर करारातल्यांपेक्षा संख्येने जास्त आहेत.