जखम भरते कोणाच्या आज्ञेने?

बोट कापले की कोणी हळद दाबतो, कोणी पट्टी बांधतो. परंतु जखम भरून काढण्याचे काम शरीर स्वतःच करते. रक्त गोठताना त्यातील बिंबाणू काही प्रथिने बाहेर सोडतात. शेजारच्या पेशींना ती जणू तारच असते: या, संख्येने वाढा, नवी त्वचा विणा. या प्रथिनांना ‘वृद्धिघटक’ म्हणतात.

त्यांचा शोध मोठ्या विपत्तीत सुरू झाला. इटलीत १९३८ साली ज्यू अध्यापकांना विद्यापीठांची दारे बंद झाली, तेव्हा रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या तरुण विदुषीने तूरिन शहरी आपल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर मज्जातंतूंचा अभ्यास चालविला. पुढे अमेरिकेत सेंट लुइस येथे काम करीत असता त्यांना आढळले की, उंदराच्या एका अर्बुदातून पाझरणाऱ्या द्रव्याने मज्जातंतूंना भराभर धुमारे फुटतात. या द्रव्याची परीक्षा करण्यासाठी त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी अर्कात सर्पविष मिसळले. तो परिणाम उलट वाढलाच! विषातच ते द्रव्य विपुल होते. सापाची विषग्रंथी म्हणजे एका परीने लाळग्रंथीच. म्हणून उंदराची लाळग्रंथी तपासली, तर तेथेही ते सापडले. शिवाय त्या ग्रंथीच्या अर्काने उंदराच्या नवजात पिलांचे डोळे वेळेपूर्वीच उघडले. हे कार्य दुसऱ्याच एका घटकाचे, त्वचेच्या वृद्धिघटकाचे. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जनावरे जखम चाटतात, त्यातले एक इंगित येथे असावे. अर्थात लाळेत जंतूही असतात, तेव्हा माणसाने त्यांचे अनुकरण न करणेच बरे.

मधुमेहात हा सारा व्यवहार बिघडतो. तळव्याची संवेदना मंदावते, वहाणेतला खडा कळत नाही, झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि कित्येकांवर पाय गमावण्याची पाळी येते. अशा जखमांसाठी १९९७ साली अमेरिकेत बिंबाणूंच्या वृद्धिघटकाचे मलम मान्य झाले. मात्र पायाला रक्त नीट पोहोचत असेल, मृत भाग काढलेला असेल आणि जखमेवरचा भार उतरविलेला असेल, तरच त्याचा उपयोग.

शिवाय वाढीची आज्ञा अर्बुदही ऐकते. २००८ साली या मलमाबरोबर कर्करोगाविषयी कडक इशारा द्यावा लागला. २०१८ साली तो मागे घेण्यात आला, तरी जखमेच्या जागी अर्बुद असल्यास मलम वर्ज्यच. वृद्धिघटक ‘जागविणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींत ही दुसरी बाजू सहसा येत नाही. व्यायामाने स्नायूंत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या घडविणारा घटक वाढतो, आणि त्याला दामही पडत नाही. परंतु तळव्याला जखम असताना तेच चालणे घातक ठरते. तेव्हा हातांचा व्यायाम करावा आणि पायाला विश्रांती द्यावी.