एका घराची हकीकत

शेती हा आपल्याकडे एकट्याचा धंदा नसून घराण्याचा धंदा आहे. तो तरतो किंवा बुडतो कशानें, हें जिल्ह्याच्या सरासरीवरून कळत नाहीं. त्यासाठीं एकेक घरच मुळापासून तपासावें लागतें.

या रीतीचा उत्तम दाखला पुणें जिल्ह्यांत आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर हें एकच गांव घेऊन जुने कागद पाहिले, घरोघरचें उत्पन्न, खर्च व कर्ज विचारलें, आणि तो वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध केला. तेथें १७७१ सालीं खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन होती. ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती.

आम्ही महसूल कचेरींत नोकरी केली असल्यामुळें वाटणीचे फेरफार पुष्कळ पाहिले. दारव्हा तालुक्यांतील एका घराच्या २४ एकरांचे तीन भाग झाले. कागदावर एवढेंच : ‘आपसांत वाटणी’. लोक म्हणत, जावाजावांचें पटलें नाहीं. पुढें आम्ही त्या घरीं जाऊन बसलों. थोरल्यानें एक सांगितलें, धाकट्यानें दुसरें. अखेर त्यांची म्हातारी आई बोलली. सोसायटीचें कर्ज थोरल्याच्या नांवें होतें. पैसा मात्र धाकट्याच्या लग्नांत खर्चला होता. फेडीची वेळ आली आणि घर फुटलें. पासबुकाची तारीख व लग्नाची तिथि ताडून पाहतां म्हातारीचें बोलणें खरें ठरलें. वाटणींत विहीर एकाकडे गेली, बैलजोडी दुसऱ्याकडे. तिसऱ्यानें जोडीसाठीं नवें कर्ज काढलें. भांडण जावांचें नव्हतें, न लिहिलेल्या हिशेबाचें होतें.

यावरून रीत ध्यानांत येईल. सात-बारा, फेरफार व पासबुक आधीं पाहावें. मग घरांतील प्रत्येकास वेगळें विचारावें; बायकांस वगळूं नये. बोलणें कागदाशीं ताडावें. घरधन्याची परवानगी घ्यावी व नांव उघड करूं नये. एका घरावरून सबंध जिल्ह्याचा निकाल देऊं नये. जोडीला एखादें एकत्र टिकलेलें घरही तपासावें.

पाडव्यास सालगड्याचा करार आपण चोख ठरवितों. भावाभावांतील देणेंघेणें मात्र तोंडींच राहतें. वाचकांनीं येत्या पाडव्यास आपल्याच घराची हकीकत लिहावयास बसावें. कर्ज कोणाच्या नांवें व खर्च कोणासाठीं, ही पहिली ओळ असावी.