लिस्बन दोन दिवसांत: गैरसमज आणि वस्तुस्थिती
युरोपला निघालेल्या घरात एक हिशेब हमखास मांडला जातो. विमानभाडं तेवढंच, व्हिसाचं शुल्क तेवढंच, मग एकाच शहरात रेंगाळायचं कशाला? शेंगेन व्हिसाला प्रौढ माणसामागे 90 युरो पडतात, मग देश एक पाहा नाहीतर सात, इथवर हिशेब बरोबर आहे. तो चुकतो पुढे. शहर बदललं की सामान बांधणं, स्टेशन किंवा विमानतळ गाठणं, खोली ताब्यात मिळेपर्यंत ताटकळणं आलंच, आणि त्यात सहज अर्धा दिवस जातो. आठ दिवसांत चार राजधान्या घेतल्या तर दीड-दोन दिवस नुसते हलण्यात जातात, पण सहलीच्या कोष्टकात हा खर्च कुठेच दिसत नाही. म्हणून ‘दिवस थोडे, तेव्हा पळा’ हा समजच उफराटा आहे. दिवस थोडे असतात तेव्हाच पळापळ सगळ्यात महाग पडते. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, हे फार चांगलं पडताळून पाहता येतं.

लिस्बन नकाशावर लहान दिसतं, म्हणून ते एका दिवसात उरकेल असं वाटतं. नकाशात चढ दिसत नाहीत. शहर टेकड्यांवर वसलंय, पदपथ झिजून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या तुकड्यांचे आहेत, आणि पाऊस पडला की त्यांवरून पाय घसरतो. मग सगळे 28 नंबरच्या ट्रामकडे वळतात, जणू ती पर्यटकांसाठीच सोडलीय. प्रत्यक्षात ती शहराची नेहमीची सेवा आहे. आल्फामा या जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद आणि वळणं आखूड, म्हणून डबेही जुन्या पद्धतीचे, छोटे. मार्तिम मोनिझच्या थांब्यावर रांग लावून, आत गर्दीत खिसा सांभाळत जे दिसतं, ते त्याच गल्ल्यांतून पायी उतरताना जास्त नीट दिसतं. शिवाय रांग कशासाठी लावतो तेही बघावं. सेंट जॉर्जच्या किल्ल्याचे आज दिसणारे बुरूज आणि कठडे बऱ्याच अंशी 1938 ते 1940 दरम्यानच्या डागडुजीतून उभे राहिले आहेत. बेलें भागातलं दर्यावर्दी-स्मारक तर 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं, आणि पक्क्या स्वरूपात 1960 चं. दोन्ही पाहू नयेत असं नाही. पण ‘हे नाही पाहिलं तर लिस्बन पाहिलंच नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

उलट शहराची सर्वांत मोठी गोष्ट बिनतिकिटाची आहे, आणि म्हणूनच ती यादीत नसते. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या, आणि उलटलेल्या मेणबत्त्यांपासून, चुलींपासून लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला. राजा जोझे पहिला त्या दिवशी बेलेंकडे होता म्हणून वाचला, आणि दगडी छताची अशी धास्ती घेतली की पुढे आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला. मंत्री पोम्बाल याने खालचा सपाट भाग, म्हणजे बाइशा, काटकोनी रस्त्यांनी नव्याने आखला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवण्याची पद्धत काढली, म्हणजे चिरा पडल्या तरी घराचा सांगाडा तग धरेल. रस्ते एकेका व्यवसायाला वाटून दिले: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा. वर कार्मू मठाचं छत मात्र कधीच पुरं केलं गेलं नाही, आणि त्याच्या उघड्या कमानी आजही आहेत. हे समजायला बाइशातून नदीपर्यंत हळू चालावं लागतं. तासाभरात बस गाठायची असेल तर तिथे फक्त दुकानं दिसतात.

आपल्याकडचा आणखी एक समज म्हणजे गोवा पाहिला की लिस्बन पाहिल्यातच जमा. 1510 ते 1961 अशी साडेचार शतकं पोर्तुगीज राजवट राहिली, म्हणून तो स्वाभाविक आहे. पण जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च 1605 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे बाइशाच्या रस्त्यांहून ते दीडशे वर्षांनी जुनं. भूकंपापूर्वीच्या लिस्बनचं बांधकाम पाहायचं तर बेलेंच्या जेरोनिमोस मठात जावं, कारण तिथे हानी तुलनेने कमी झाली. 1524 मध्ये कोचीनला वारलेल्या वास्को द गामाचे अवशेष 1539 मध्ये मायदेशी नेले. त्याचं थडगं आज याच मठाच्या चर्चमध्ये आहे.

‘पुन्हा येणं थोडंच होणार आहे?’ हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. मुंबईहून प्रवास लांबचा, सहसा विमान बदलून करायचा, आणि बहुतेकांचं परत जाणं खरोखर होत नाही. पण एकदाच जाणार असू, तर दहा जागांसमोरचे दहा फोटो हवेत की एखादी जागा कळायला हवी, हे आधीच ठरवावं लागतं. दोन दिवसांत जवळचं सिंत्रा गावही बसवण्याचा आग्रह मला पटत नाही. रेल्वेने तिथे चाळीस मिनिटं लागतात हे खरं, पण वर राजवाड्यांपर्यंतचा चढ आणि तिथली गर्दी धरली की तो अख्ख्या दिवसाचा बेत होतो. तीन दिवस असतील तर जावं. निवांतपणा श्रीमंतांनाच परवडतो, हेही खरं नाही. टेकड्यांवरचे सज्जे फुकट आहेत, आणि काइश दु सोद्रेहून काशिल्यशला जाणारी फेरीबोट दहाएक मिनिटांत, थोडक्या पैशांत नदीपार नेते. पैसे सुटतात ते इतरत्र. खाणावळीत न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज पाहुणचाराचे नसतात. हात लावला तर बिलात येतात, आणि नको असतील तर सरळ परत पाठवता येतात. जेरोनिमोस सोमवारी बंद असतो. तो वार पदरात आला असेल तर बेलें सोडून बाइशा आणि फेरीबोट त्या दिवशी घ्यावी.