काळी तबकडी, चकचकीत सीडी आणि आपले कान

मागच्या भागात आपण शॉर्टवेव्ह रेडिओविषयी बोललो. त्यानंतर बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा बऱ्याच ठिकाणांहून एकच प्रश्न आला: "कर्नलसाहेब, जुन्या तबकडीचा आवाज सीडीपेक्षा खरंच चांगला असतो का हो?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी जरा बिचकत होतो. कारण याच प्रश्नावरून माझ्या घरात एक भांडण झालंय आणि त्यात चूक माझी होती. आज ते भांडणही सांगतो आणि त्यामागचं शास्त्रही.

मी सिग्नल्सचा माणूस. तारेवरून, हवेतून आवाज नीट पोचवणं ही माझी अख्खी नोकरी. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो. दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे छोटीशी बैठक असते. माझा शाळेपासूनचा एक मित्र येतो. तो बँकेतून निवृत्त झालाय, जॅझचा वेडा, घरी चारेकशे एलपी. कधी माझी भाची येते. ती टेलर स्विफ्टची भक्त.

2022 च्या शेवटी भाचीने टेलर स्विफ्टची 'मिडनाइट्स' ही नवी एलपी आणली. ती चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांत निघाली होती आणि चारही पाकिटांच्या मागच्या बाजू शेजारी मांडल्या की घड्याळ तयार व्हायचं. मित्राने विचारलं, "वाजवतेस कशावर?" ती म्हणाली, "काका, माझ्याकडे प्लेअरच नाही. गाणी फोनवर ऐकते. ही आपली जवळ असावी म्हणून घेतली." आम्ही दोघं म्हातारे खो खो हसलो. मित्र म्हणाला, "पोरी, तबकडी ऐकायची असते. डिजिटलमध्ये जीव नसतो. डोळे मिटून सांगेन मी, कुठली कुठली ते." मीही मान डोलावली.

खरं तर त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत असं काही घडलं होतं की त्याने आम्हा दोघांचं तोंड बंद व्हायला हवं होतं. मोबाइल फिडेलिटी ही कॅलिफोर्नियाची कंपनी. जुन्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या महागड्या तबकड्या काढण्यात तिचं नाव मोठं. चोखंदळ ग्राहकांची समजूत अशी की मूळ टेपवरून थेट तबकडी कापली जाते, मध्ये संगणक कुठेच नाही. त्यांनी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची खास आवृत्ती जाहीर केली, 40,000 प्रतींची. जाणकारांनी इथेच भुवई उंचावली. कारण ज्या खास पद्धतीने ती निघणार होती, तिच्यात एका कापलेल्या मूळ तबकडीवरून हजारभरच प्रती निघतात. म्हणजे 40,000 प्रतींसाठी ती अमूल्य टेप पुन्हा पुन्हा चालवावी लागणार. हे कोण करू देईल? फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओत हा विषय उघड मांडला. मग कंपनीच्या इंजिनिअरांनी मान्य केलं की मध्ये डिजिटल टप्पा असतो. पुढे कळलं की 2011 पासून त्यांच्या अनेक तबकड्यांत तो होता. ग्राहक कोर्टात गेले, प्रकरण सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीपर्यंत पोचलं.

ग्राहकांची फसगत झाली हे खरंच. पैसे देणाऱ्याला माल काय आहे ते कळायलाच हवं. पण मंडळी, दुसरी बाजूही बघा. जगातले सगळ्यात तिखट कानांचे लोक ह्या तबकड्या दहा वर्षं ऐकत होते आणि शुद्ध ॲनालॉगचा नमुना म्हणून वाखाणत होते. तो डिजिटल टप्पा कळला तो बातमीतून. कानाने तो कुणी पकडला नव्हता.

आता थोडं शास्त्र. तबकडीवरची खोबण म्हणजे आवाजाच्या लाटेची हुबेहूब रेघ. सुई तिच्यातून थरथरत जाते, त्या थरथरीची वीज होते, वीज स्पीकरला जाते. पण या रेघेला मर्यादा आहेत. खर्जाच्या लाटा रुंद असतात. त्या तशाच कापल्या तर शेजारची खोबण फुटेल. म्हणून कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, वरचे स्वर फुगवतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते उलटं करून घेतो. दुसरी गोष्ट, तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेरही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खोबण सरकते आणि शेवटच्या गाण्यापाशी जेमतेम 21. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. म्हणून बाजू संपत आली की 'स', 'श' चरचरायला लागतात.

सीडीत लाट सेकंदाला 44,100 वेळा मोजून आकड्यांत लिहितात. लोक म्हणतात, "मग दोन मोजण्यांच्या मध्ये जे होतं, ते तर गेलंच ना? लाटेच्या पायऱ्या झाल्या ना?" नाही झाल्या. शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांच्यातून एकच वर्तुळ जातं. वर्तुळाचे उरलेले बिंदू कुणी सांगावे लागत नाहीत. इथेही तसंच. साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज असेल तर तेवढ्या मोजण्यांतून एकच गुळगुळीत लाट निघते आणि ती मुळातलीच असते. त्याहून वरचं माणसाला ऐकू येत नाही. माझ्या वयाला तर त्याच्या बरंच खाली सगळं संपतं. त्यात फायरिंग रेंजवर काढलेली वर्षं वेगळी. शिवाय पार्श्वभूमीची खरखर आणि सगळ्यात मोठा आवाज यांच्यातलं अंतर सीडीत सुमारे 96 डेसिबल, तबकडीत साधारण 60 ते 70.

"मग माझी जुनी एलपी सीडीपेक्षा गोड का लागते?" हा प्रश्न खरा आहे आणि तुमचा कान खोटं बोलत नाही. फरक असतोच. फक्त तो बहुतेक वेळा मास्टरिंगचा असतो, म्हणजे बाजारात पाठवण्याआधी इंजिनिअरने आवाजाचा जो शेवटचा तोल साधला त्याचा. नव्वदीच्या दशकापासून सीडी जास्तीत जास्त दणदणीत करायची चढाओढ लागली. त्यासाठी हळू आवाज वर ओढायचे आणि मोठ्यांची टोकं छाटायची. 2008 साली मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर चाहतेच चिडले. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येत होती. आणि गेममधला आवाजही डिजिटलच होता, हे लक्षात घ्या. तेव्हा छाटलेली सीडी आणि मोकळी एलपी ऐकून "डिजिटल वाईट" म्हणणं म्हणजे भाजी खारट झाली म्हणून पातेल्याला बोल लावणं.

आता भांडणाकडे येतो. मित्राचं "डोळे मिटून सांगेन" भाचीने उचलून धरलं. म्हणाली, "सांगा मग." मी मांडणी केली. रेकॉर्ड वाजत असताना तिचा आवाज दोन वाटांनी ॲम्प्लिफायरला नेला. एक वाट थेट. दुसऱ्या वाटेत एक छोटं यंत्र, जे आवाज सीडीच्या मापाने डिजिटल करतं आणि लगेच पुन्हा ॲनालॉग करून देतं. म्हणजे तबकडी तीच, सुई तीच, खरखरही तीच. फरक फक्त डिजिटल टप्प्याचा. दोन्ही वाटांची पातळी मीटर लावून सारखी केली. हे फार महत्त्वाचं, कारण जरासा मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. भाची पाठीमागे बसली, दर वेळी नाणं उडवून वाट ठरवायची आणि वहीत लिहायची. प्रत्येकाने 20 वेळा सांगायचं. 15 किंवा जास्त बरोबर आले तर मानायचं, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता सुमारे 2 टक्के असते.

मित्राचे 11 बरोबर आले. मी मोठ्याने हसलो, तेही भाचीसमोर. "काय हे, जॅझचे जाणकार!" वगैरे बोललो. तो काही न बोलता तबकडी पाकिटात घालून निघून गेला. मग भाचीने माझे मोजले. 9.

तीन शनिवार तो आला नाही.

त्या तीन आठवड्यांत मला माझ्या पहिल्या पोस्टिंगचे सीओ आठवले. रात्रीच्या पहाऱ्याच्या रिपोर्टमध्ये मी "शत्रूची हालचाल" असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "तुला दिसलं काय?" मी म्हटलं, "सर, झुडूप हललं." "मग झुडूप हललं असं लिही. तुला काय वाटलं ते खालच्या ओळीत लिही." नंतर तीस वर्षं मी ज्युनिअरांना हेच शिकवलं. आणि घरच्या दिवाणखान्यात मात्र वाटलेलं दिसलं म्हणून सांगत बसलो, वर भाचीला हसलो. ती एकटीच खरा रिपोर्ट देत होती: ऐकते फोनवर, घेतली जवळ असावी म्हणून. 2022 मध्ये अमेरिकेत 1987 नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा जास्त तबकड्या विकल्या गेल्या, सुमारे 4 कोटी 10 लाख. त्यात तिच्यासारखी, प्लेअर नसलेली गिऱ्हाइकं कितीतरी असणार. त्यांना हसायचं काही कारण नाही.

आमची चाचणी घरगुती होती, पण 2007 मध्ये अमेरिकेत मायर आणि मोरन यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली होती. त्यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचा टप्पा घातला. 554 चाचण्यांत बरोबर उत्तरं आली 276. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

चौथ्या शनिवारी मीच त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्याने चहा सांगितला आणि माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली, जुनी प्रत. ही 1959 ची तबकडी जॅझमधली बहुधा सगळ्यात लाडकी. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रण करताना मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढ्या स्वरात ऐकू येत. 1992 मध्ये दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून ती चूक दुरुस्त झाली. तोवर 33 वर्षं लोक चढ्या स्वरांवरच प्रेम करत होते.

मी म्हटलं, "अरे, ही तर चुकीच्या वेगाची." तो म्हणाला, "माहीत आहे रे. बरोबरची सीडीही आहे माझ्याकडे. पण कॉलेजपासून हीच ऐकली. मला हीच आवडते."

या वाक्यावर मला काही बोलता येईना, आणि बोलायची गरजही नव्हती. "मला हीच आवडते" हे त्याचं त्याला ठाऊक. "हिचा आवाज जास्त खरा आहे" हे मात्र तपासता येतं आणि तपासावंच, विशेषतः त्यासाठी कुणी तुमच्याकडून दुप्पट पैसे मागत असेल तेव्हा.

म्हणून तबकड्या घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. आधी मास्टरिंग कुणी आणि कशावरून केलंय ते पाकिटावर वाचा. पैसे उरले तर ते सुई, स्पीकर आणि खोलीतले जाड पडदे यांवर खर्च करा. तिथला फरक कुणालाही डोळे मिटून कळतो. आणि पैज लावायची असेल तर आधी स्वतःचे 20 मोजून घ्या.

मित्र आता पुन्हा दर शनिवारी येतो. भाचीने अजून प्लेअर घेतलेला नाही, पण 'मिडनाइट्स' आमच्याकडेच ठेवलीय. दोन्ही बाजू ऐकल्या आम्ही. मित्राला तिसरं गाणं आवडलं, असं तो म्हणाला. हे मात्र मी तपासायला गेलो नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.